डोक्याला मार आणि भरपाईचा हक्क

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरे

या वेळी सदरासाठी आलेली बहुतेक पत्रे अपघातांची आहेत, आणि त्यातही डोक्याला मार लागलेल्या माणसांच्या घरच्यांनी लिहिलेली आहेत. पुण्यात राहणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार आपण सगळेच जीव मुठीत धरून उतरतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच ठिकाणी एका अपघातात चाळीसहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली होती. पण मोठ्या अपघातांची बातमी होते, आणि एकट्यादुकट्या दुचाकीस्वाराचे पुढे काय झाले हे त्याच्या घराबाहेर कोणाला कळत नाही. सहा पत्रे निवडली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे पती ३४ वर्षांचे आहेत. चाकणला एका कारखान्यात ते सीएनसी मशीन चालवत. चार महिन्यांपूर्वी रात्रपाळी संपवून घरी येताना एका टेम्पोने त्यांच्या गाडीला मागून धडक दिली. अकरा दिवस ते अतिदक्षता विभागात होते. आता ते चालतात, बोलतात, सगळ्यांना ओळखतात. भेटायला येणारे म्हणतात, देवाची कृपा, माणूस सुखरूप घरी आला. पण ताई, हे पूर्वीचे राहिलेले नाहीत. धाकट्या मुलीच्या हातून पाणी सांडले तर अंगावर धावून जातात आणि अर्ध्या तासाने तिलाच विचारतात की रडतेस का. कामावर गेले, तर चौथ्या दिवशी परत पाठवले. टेम्पोच्या विमा कंपनीकडून आलेले गृहस्थ म्हणतात, हाडे जुळली आहेत, अपंगत्व नगण्य आहे, फार मिळणार नाही. हे खरे आहे का?
– एक वाचक, दिघी

उत्तर : ताई, हे खरे नाही. तुमच्या पत्रातील प्रत्येक ओळ दाव्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरणे, कामाचा क्रम ठरवणे, एका वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आणि पुढचा विचार करणे ही कामे करतो. त्याला मार बसला तरी माणूस चालू शकतो, बोलू शकतो, नातेवाइकांना नावाने हाक मारू शकतो. मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले किंवा तुटले गेले असतील, तर सीटी स्कॅनमध्ये विशेष काही दिसेलच असेही नाही. रुग्णालयाच्या कागदांवर ‘जीसीएस’ म्हणून ३ ते १५ यांमधला जो आकडा असतो, तो रुग्ण किती शुद्धीवर होता हे सांगतो. ८ किंवा त्याहून कमी आकडा म्हणजे गंभीर दुखापत. दाखल करतानाचा हा आकडा डिस्चार्ज कार्डावर आहे का, ते आधी पाहा. नसेल तर संपूर्ण केसपेपरची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितलेली कागदपत्रे डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असतात.

आता अपंगत्वाच्या टक्केवारीविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सुमारास दिलेल्या आणि आजही मोटार अपघातांचे दावे चालवणाऱ्या प्रत्येक न्यायाधिकरणात आधाराला घेतल्या जाणाऱ्या एका निकालात स्पष्ट केले आहे की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता किती गेली ही टक्केवारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात दिलेले उदाहरण असे आहे : डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरले जाईल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण गेली, आणि तोच सरकारी कार्यालयातील कारकून असेल तर कदाचित त्याची नोकरी टिकेल. तुमच्या पतींचे काम यंत्रावरचे आहे. मिलिमीटरच्या हिशेबात माप सेट करायचे, फिरत्या अवजाराकडे लक्ष ठेवायचे आणि चूक झाली तर त्याच क्षणी यंत्र थांबवायचे. ज्याचे लक्ष दहा मिनिटे टिकत नाही, त्याच्यासाठी ते काम संपले आहे, मग प्रमाणपत्रावर आकडा काहीही असो.

रकमेत याने किती फरक पडतो ते पाहा. पगार दरमहा २५,००० रुपये धरू. वर्षाचे ३,००,००० होतात. ४० वर्षांखालील आणि कायमस्वरूपी नोकरी नसलेल्या माणसासाठी भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले जातात, म्हणजे ४,२०,००० झाले. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या ज्या आकड्याने गुणतात, तो गुणक ३१ ते ३५ या वयासाठी १६ आहे. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरले तर या एका शीर्षाखाली २०,१६,००० रुपये होतात, आणि ६० टक्के धरली तर ४०,३२,०००. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते, ती जखमीच्या दाव्यात होत नाही. औषधोपचार, बुडालेला पगार, पुढील उपचार, वेदना, गमावलेले जीवनसुख आणि सोबत लागणाऱ्या माणसाचा खर्च ही शीर्षे याखेरीज आहेत. तुम्ही त्यांच्यासाठी दिवसभर घरात थांबत असाल, तर त्या सेवेचेही मूल्य मागता येते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोक्याच्या दुखापतीमुळे पूर्णपणे परावलंबी झालेल्या एका १२ वर्षांच्या मुलीला दोन सोबतिणींचा खर्च १८ च्या गुणकाने मंजूर केला होता.

हे सारे सिद्ध कसे करायचे? न्यूरोसर्जनच्या चिठ्ठीवर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून स्मरण, एकाग्रता आणि निर्णयशक्तीच्या चाचण्या करून घ्या. सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवा. पुण्यात ससूनला हे काम होते. दुखापत स्थिरावेपर्यंत डॉक्टर थांबायला सांगतील, तर थांबा. प्रमाणपत्र देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होणे आवश्यक असते, हे वकिलांना आधीच सांगून ठेवा. कारखान्यातील फोरमनने तुमच्या पतींना चौथ्या दिवशी का परत पाठवले, हे त्याच्याच तोंडून न्यायाधिकरणासमोर आले, तर त्याचे वजन वेगळेच पडते.

आणि आजपासून एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय घडले. दोन ओळी पुरेत. माझ्या एका अशीलाच्या पत्नीने शाळेची दोनशे पानी वही अशीच भरली होती. त्यातील एक नोंद मला आजही शब्दशः आठवते : ‘दूध उतू जाऊन करपले. हे गॅसजवळच बसले होते. वास आला नाही म्हणाले.’ डोक्याच्या मारात वासाची संवेदना जाणे ही माहीत असलेली गोष्ट आहे, पण तोपर्यंत कोणत्याही डॉक्टरांनी ते तपासले नव्हते, कारण कोणी सांगितलेच नव्हते. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी त्या गृहस्थांना विचारले, “तुम्ही आज स्वतःच्या पायांनी आलात ना?” ते म्हणाले, “हो.” “आता बरे आहात ना?” ते पुन्हा म्हणाले, “हो, बरा आहे.” स्वतःत काय बदलले आहे याची जाणीवच न राहणे हाही त्या दुखापतीचाच भाग असतो. त्या दिवशी ती वही आणि चाचण्यांचा अहवाल हाताशी नसता, तर दावा त्या दोन ‘हो’वर बुडाला असता.

मुदतीविषयी. मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर राहू नका. तुमच्याकडे दोन महिने आहेत. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तो अहवाल अर्ज म्हणून धरता येतो. तो गेला आहे का, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, आणि तरीही स्वतःचा अर्ज द्याच. अपघात कुठेही झाला असला तरी तुम्ही राहता त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात, म्हणजे पुण्यातच, दावा करता येतो. पतींना व्यवहार समजत नसेल तर वादमित्र म्हणून तुम्ही त्यांच्या वतीने उभ्या राहू शकता. विमा कंपनीच्या माणसाने आणलेल्या कोणत्याही कागदावर त्यांची सही होऊ देऊ नका.

मुलींच्या बाबतीतही एक सांगते. वडिलांचा राग आजाराचा आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा, आणि अंगावर धावून जाण्याचा प्रकार मनोविकारतज्ज्ञांच्या कानावर घाला. त्यावर औषधोपचार आहेत. हे सांगण्यात पतीची बदनामी होते असे मनात आणू नका.

प्रश्न : माझ्या आईला, वय ६८, सिंहगड रस्त्यावर एका दुचाकीने धक्का दिला. डोक्याला खोक पडली, जवळच्या दवाखान्यात दोन टाके घातले आणि आम्ही घरी आलो. दुचाकीवरचा मुलगा कॉलेजातला होता, हात जोडत होता, म्हणून पोलिसांत गेलो नाही. गाडीचा नंबर मात्र मोबाइलमध्ये टिपला होता. तीन आठवड्यांनी आई असंबद्ध बोलू लागली, डावा पाय ओढू लागली. मेंदूत रक्त साचल्याचे निघाले, शस्त्रक्रिया झाली. आता विमा कंपनी म्हणते की तक्रार उशिराची आहे आणि रक्तस्रावाचा त्या धक्क्याशी संबंध नाही.
– एक वाचक, वडगाव बुद्रुक

उत्तर : वाढत्या वयात मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्या आवरणाखालच्या बारीक शिरांवर ताण येतो. किरकोळ वाटणाऱ्या धक्क्यानेही त्या फाटतात, रक्त थेंबाथेंबाने साचत राहते आणि लक्षणे काही आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर हा धोका वाढतो. न्यूरोसर्जनसाठी हे रोजचे चित्र आहे. म्हणून तुमच्या आईंची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी मत घ्या, की स्कॅनमध्ये दिसलेले रक्त जुने आहे आणि त्याचा काळ अपघाताच्या तारखेशी जुळतो. स्कॅनवर ताजे आणि जुने रक्त वेगळे दिसते, त्यामुळे असे मत देणे त्यांना अवघड जाणार नाही.

पहिल्या दिवशीचा पुरावा म्हणजे त्या दवाखान्याची चिठ्ठी. तिच्यावर ‘दुचाकीचा धक्का’ असे लिहिले आहे की नुसते ‘पडल्या’? घाईत ‘पडल्या’ असे सांगितले जाते, आणि त्या एका शब्दावर पुढे वर्षानुवर्षे वाद होतो. तसे लिहिले असेल तर त्या डॉक्टरांना भेटा, त्यांना प्रसंग आठवत असेल तर त्यांचा जबाब पोलिसांना घेऊ द्या. मात्र चिठ्ठीत खाडाखोड करायला त्यांना चुकूनही सांगू नका. रस्त्यावरच्या दुकानदाराने पाणी दिले असेल, कोणी रिक्षात बसवले असेल, तर ते साक्षीदार आहेत.

तक्रारीच्या उशिराने दावा आपोआप पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे की अपघातानंतर माणूस आधी जखमीला वाचवायला धावतो, पोलीस ठाण्यात धावत नाही, आणि केवळ उशिरामुळे दावा नाकारता येत नाही. उशीर का झाला हे खरे आणि सविस्तर लिहिणे मात्र गरजेचे आहे. फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा येथे लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय आहे, एवढेच न्यायाधिकरण पाहते. गाडीच्या नंबरावरून विम्याची माहिती एम-परिवहन अॅपवर मिळेल. भरपाई विमा कंपनी देणार असल्याने त्या मुलाच्या डोक्यावर कर्ज होईल ही आपली काळजी मनातून काढून टाका. त्याचा परवाना नसेल, तर कंपनी आपल्याला रक्कम देऊन ती गाडीमालकाकडून वसूल करू शकते.

‘आई घरीच असते, तिची कमाई काय धरणार’ असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे आणि त्यासाठी काल्पनिक उत्पन्न धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा एकदा ठामपणे सांगितले आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तीसाठी गुणक ५ असल्याने त्या शीर्षाची रक्कम मोठी होणार नाही, पण ती सोडून देऊ नका. आई सकाळी किती वाजता उठत, कोणाचे डबे करत, नातवंडांना शाळेत कोण सोडत असे, हे सगळे प्रतिज्ञापत्रात लिहा.

प्रश्न : बाह्यवळण रस्त्यावर माझ्या भावाला अज्ञात वाहनाने उडवले. कवटीला तडा गेला आहे. गाडी सापडतच नाही. मग भरपाई कोणाकडे मागायची?
– एक वाचक, आंबेगाव

उत्तर : वाहन सापडत नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली केंद्र सरकारची योजना आहे. गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये आणि मृत्यू झाल्यास २,००,००० रुपये मिळतात. ठरावीक नमुन्यातील अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे द्यायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. रक्कम तुटपुंजी आहे, हे मान्य. तरीही ती न मागता सोडणारी घरे मला पाहवत नाहीत. गुन्हा नोंदवल्यापासून महिनाभरात वाहनाचा पत्ता लागला नाही, तर या योजनेची माहिती पोलिसांनी जखमीला लेखी द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला आहे. आपल्याला असे पत्र मिळाले नसेल तर ठाण्यात जाऊन मागा.

त्याचबरोबर वाहन शोधण्याचा पाठपुरावा सोडू नका, कारण ते सापडले तर पूर्ण भरपाईचा मार्ग खुला होतो. आधी घेतलेली रक्कम त्यात समायोजित होते. पेट्रोल पंप, हॉटेल, टोलनाका, सोसायटी यांचे कॅमेरे जुने चित्रण पुसून त्यावर नवे भरत जातात. म्हणून कोणते चित्रण कोणत्या वेळेचे हवे, याचा लेखी अर्ज पहिल्या दोन दिवसांतच तपासी अंमलदारांना द्यावा आणि पोच घ्यावी. आपल्या बाबतीत ती वेळ गेली असली, तरी घटनास्थळाच्या पंचनाम्यात काचेचे किंवा रंगाचे तुकडे नोंदले आहेत का, ते पाहा.

आणखी एक. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी विनारोकड उपचारांची योजना लागू आहे. नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत १,५०,००० रुपयांपर्यंतचा उपचार तिच्यात मिळतो. धडक देणारे वाहन माहीत असो वा नसो, हा लाभ मागता येतो.

प्रश्न : डोक्याला मार लागलेला भाऊ अजून रुग्णालयात बेशुद्ध आहे. ज्यांच्या गाडीने धडक दिली ते लोक ४०,००० रुपये देतो, स्टॅम्पपेपरवर ‘काही तक्रार नाही’ असे लिहून द्या म्हणतात. दुसरीकडे, रुग्णालयाच्या दारात भेटलेल्या एकाने केस आम्ही चालवतो, मिळेल त्याच्या तीस टक्के द्या, असे सांगून वडिलांच्या चार-पाच कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आहेत. आम्ही घाबरलो आहोत.
– एक वाचक, लोणी काळभोर

उत्तर : आधी सह्यांचे पाहू. निकालावर अवलंबून असणारी फी ठरवणे आणि दाव्याच्या रकमेत वाटा मागणे वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. रुग्णालयाच्या दारात दलाल पाठवून पक्षकार मिळवणेही मना आहे. वडिलांनी त्या व्यक्तीला आणि ज्यांच्या नावाचे वकीलपत्र असेल त्या वकिलांना रजिस्टर टपालाने लिहावे, की अमुक तारखेला कोऱ्या कागदांवर घेतलेल्या सह्या मी परत मागत आहे, त्यांचा कोणताही वापर मला मान्य नाही आणि वकीलपत्र मी रद्द करत आहे. त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या. या कामात आजचा दिवसही दवडू नका. दु:खात बुडालेल्या बापाकडून कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात किती संताप आहे, ते येथे लिहिता येत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

आता त्या ४०,००० रुपयांविषयी. आपला भाऊ अजून शुद्धीवर यायचा आहे. तो पुन्हा काम करू शकेल का, त्याला फिट येतील का, दुसरी शस्त्रक्रिया लागेल का, हे आज त्याच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. ज्या नुकसानीचे माप अजून झालेलेच नाही, त्याची पावती कशी लिहून देणार? त्या गाडीचा विमा चालू असेल तर खरी भरपाई द्यायची आहे विमा कंपनीला, आणि आपण सही केलेला स्टॅम्पपेपर तीच कंपनी उद्या आपल्यासमोर ठेवील. औषधांसाठी समोरचे लोक माणुसकीने काही देत असतील तर बँकेतून घ्या, ‘उपचारासाठी मदत’ एवढेच लिहून द्या, आणि दाव्यात ती रक्कम उघडपणे सांगा.

तडजोडीला माझा विरोध नाही. लोकअदालतीत चांगले दावे लवकर मिटतात. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून डोक्याच्या दुखापतीत प्रकृती स्थिरावून चाचण्या झाल्याखेरीज तेथे आकडा बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : अपघाताच्या वेळी हेल्मेट नव्हते आणि गाडीवर आम्ही तिघे होतो. दावा मिळेल का?
– एक वाचक, कोंढवा

उत्तर : दावा करता येतो. केवळ तिघे बसले होते म्हणून जखमीचा दोष धरता येत नाही. त्यामुळे अपघात घडला किंवा दुखापत वाढली हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले आहे. हेल्मेटचाही विचार याच रीतीने होतो. अपघात कोणाच्या चुकीने झाला, हा पहिला प्रश्न. मात्र मार डोक्यालाच असेल तर विमा कंपनी हेल्मेटचा मुद्दा हटकून काढते आणि काही प्रकरणांत रक्कम कमी झाली आहे. पोलिसांच्या जबाबात हेल्मेट होते असे खोटे सांगू नका. रुग्णालयाच्या नोंदीशी ते जुळत नाही आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. पुण्यात हेल्मेटविरुद्ध आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते कायद्याने सक्तीचे आहे, आणि ज्या कुटुंबांबरोबर मी रोज बसते, त्यांच्यापैकी कोणीही त्या विरोधात सामील होणार नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ वाकडला एका बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला होता. तिसऱ्या मजल्यावरून पडला, डोक्याचे ऑपरेशन झाले. ठेकेदाराने पहिले बिल भरले आणि आता फोन उचलत नाही. बिल्डर म्हणतो, तो आमचा माणूसच नाही. आम्ही मूळचे औसा तालुक्यातले. त्याला गावी न्यावे तर केस जाईल का?
– एक वाचक, सध्या थेरगाव

उत्तर : येथे मोटार अपघाताचा कायदा लागत नाही, परंतु कामावर झालेल्या दुखापतीसाठी स्वतंत्र हक्क आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातून चालत आलेल्या या तरतुदी नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. दोन्हींत मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे दाखवावे लागते. कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणून रक्कम काढतात. ठेकेदारामार्फत आणलेल्या मजुराच्या भरपाईची जबाबदारी ज्याचे काम चालू आहे त्या मूळ मालकावरही येते, त्यामुळे ‘आमचा माणूस नाही’ हे उत्तर बिल्डरला पुरणारे नाही. त्याच्या नावावर ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, हप्ता कापला जात असेल, तर मात्र मागणी त्या महामंडळाकडे करावी लागेल.

तो त्या साइटवर होता, हे दाखवणे हाच खरा कस आहे. हजेरीची वही ठेकेदाराकडे असते आणि अपघातानंतर ती सापडत नाही. म्हणून त्याच्या मोबाइलमधले साइटवरचे फोटो, ठेकेदाराने पाठवलेले पैसे आणि निरोप, सोबतच्या दोन मजुरांची नावे व त्यांच्या गावचे पत्ते आजच टिपून ठेवा. काम संपले की ती माणसे दुसऱ्या शहरात जातात. साइटच्या फलकावर महारेराचा क्रमांक असतो, त्याचा फोटो काढा, त्यावरून बिल्डरची अधिकृत माहिती मिळते. पोलिसांत फिर्याद झाली नसेल तर ती द्या. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात भावाची नोंदणी होती का, हेही पाहा. असेल तर मंडळाच्या योजनांचा लाभ वेगळा मागता येतो.

गावी न्यायला हरकत नाही. दावेदार जेथे राहतो तेथेही असा दावा करण्याची सोय आहे, त्यामुळे तो लातूरला चालवता येईल, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही आपल्या जिल्ह्यातून काढता येईल. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. निघण्यापूर्वी केसपेपर, स्कॅनच्या फिल्म आणि सर्व बिलांच्या प्रती हातात घ्या. डॉक्टरांनी फिटसाठी गोळी दिली असेल तर निदान महिनाभराचा साठा बरोबर ठेवा, आणि आठ-पंधरा दिवस बरे वाटले म्हणून ती कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. विहिरीवर, झाडावर किंवा गाडीवर त्याला एकटे पाठवू नका, जोवर डॉक्टर स्वतः सांगत नाहीत तोवर.